एफडीला हप्ता नसतो

मनीषनगर, नागपूर इथल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, बुटीबोरीला नोकरी, हातात येणारा पगार ५२ हजार, घरकर्जाचा हप्ता १९ हजार, कर्ज अजून २१ लाख. घरात पत्नी, दोन मुलं आणि ६८ वर्षांची आई. सगळं भागवून महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास उरतात. २०१८ मध्ये हॉलमध्ये चौकोनी खणांची दोन मॉड्युलर युनिट्स घेतली होती, ती आता ओसंडून वाहताहेत. म्हणून अकरा फुटांची अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत त्याच प्रकारच्या रॅकने भरून घ्यायची आहे. शोरूमचा भाव २४ महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' ईएमआयवर १,४०,०००, रोख दिले तर १,२८,०००. यातलं काय घ्यावं, एवढाच प्रश्न.

पत्राच्या मध्यावर मात्र ही वाक्यं आहेत: "आईची चार लाखांची एफडी संपली होती. बँकेतल्या मॅडमनी त्यातले दीड लाख नव्या डबल गॅरंटी एफडीत टाकून दिले. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी तीस लाख. अडीच लाख आमच्या जॉइंट खात्यात आहेत, त्यातूनच रॅक करू म्हणतो. पुढचा हप्ता एकदम पुढच्या वर्षी आहे." जागा नसलेल्या सामानाची यादीही दिली आहे. त्यात मुलांची मागच्या वर्षांची पुस्तकं, आईच्या दोन पेट्या, कूलर आणि शेवटी "बँकेचं जाड पाकीट, पंधरा दिवसांपूर्वी कुरिअरने आलं, फ्रिजवर पडलं आहे."

दादा, रॅक राहू द्या बाजूला. आधी ते पाकीट फोडा.

एफडीला हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे, व्याज घ्यायचं, मुदत संपली की परत आणायचे. दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं, तेही 'गॅरंटी'ने, म्हणजे तो आयुर्विमा आहे. पाकिटात पॉलिसी निघेल, विमा कंपनीच्या नावाची, आणि विमेदार म्हणून बहुधा तुमचं नाव असेल. सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत असते, तीही वाचा. तुमचं उत्पन्न त्यात किती लिहिलंय ते बघा. दीड लाखाचा हप्ता परवडतो असं दाखवायला तो आकडा फुगवलेला असला तर मला नवल वाटणार नाही. पॉलिसी देण्याआधी कंपनीचा पडताळणीचा फोन येतो. तेव्हा "सगळ्याला हो म्हणा, नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं कुणी सांगितलं होतं का, तेही आठवून बघा.

आता 'डबल'चा हिशोब. पंधरा लाख भरून तीस लाख मिळणार, ऐकायला झकास. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं धरा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्के आणि वर थोडं. आईच्या जुन्या एफडीला याहून जास्त मिळत होतं. तेवढेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत गेले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी ४४ लाखांच्या आसपास होतात. दर बदलू शकतो, मान्य. पण चौदा लाखांची दरी भरून निघायला तो फारच खाली यावा लागेल.

खरी अडचण मात्र परताव्याची नाहीच, पॉलिसी दुसऱ्या वर्षीच कोलमडेल ही आहे. अडीच लाखांतून रॅकचे १,२८,००० गेले की उरतात १,२२,०००. पुढच्या वर्षीचा हप्ता दीड लाखाचा. वर्षाची तुमची बचत ७५-८० हजार. ओढूनताणून दुसरा हप्ता जाईल, आईचे पैसे संपतील, आणि तिसऱ्या वर्षी दीड लाख कुठून आणणार? पगारातून तर होणार नाही. मग पॉलिसी बंद पडेल किंवा सरेंडर करावी लागेल, म्हणजे मुदतीआधीच मोडावी लागेल, आणि सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केलं की भरलेल्यातला मोठा वाटा तिथेच राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे सुधारले आहेत, पण पूर्ण पैसे तरीही मिळत नाहीत. ज्या घरात वर्षाला ८० हजार उरतात तिथे दीड लाखाचा हप्ता विकणाऱ्याला हे गणित येत नव्हतं, असं मी मानणार नाही.

सुदैवाने तुमच्याकडे वेळ आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवस 'फ्री-लुक'चे असतात. या मुदतीत परत केली तर तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास ती आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकीचे पैसे परत मिळतात. दीड लाखांतले बहुतेक सगळे. तुमचे पंधरा दिवस आधीच फ्रिजवर गेले. आजच विमा कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, 'फ्री-लुकमध्ये रद्द करत आहे' हे एक वाक्य आणि 'एफडी म्हणून विकली' हे कारण. कुरिअरचं पाकीट फेकू नका, त्यावर तारीख असते. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्या. बँकेत मॅडम "साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या" म्हणतील, मग त्यापुढच्या सोमवारी. त्या नादी लागू नका, करार बँकेशी नाही, विमा कंपनीशी आहे. टाळाटाळ झाली तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, त्यानंतर विमा लोकपाल आहेच.

पैसे परत आले की ते आईचे आहेत. एफडीचं व्याज तिच्या औषधांना जायचं, असं तुम्हीच लिहिलंय. मग गेले दोन महिने ती औषधं कशातून येतात? चार लाख पूर्ण करून तिच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या ८.२ टक्के दर आहे, दर तिमाहीला ८,२०० रुपये तिच्या खात्यात पडतील. त्यासाठी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओपर्यंत जायचं कारण नाही, घराजवळच्या पोस्टात काम होतं. नॉमिनी लिहायला विसरू नका.

म्हणजे रॅकसाठी ते अडीच लाख नाहीत. आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

'नो-कॉस्ट' हा शब्द सोडून द्या. रोख १,२८,००० आणि हप्त्याने १,४०,०००, तर बारा हजार हे व्याजच आहे, फक्त किमतीत लपवलेलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. वर प्रोसेसिंग फी, आणि ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा जीएसटी. महिन्याला ५,८०० हप्ता गेला की तुमच्या हातात सातशे उरतील. दोन वर्षं. मुलाच्या तापाचा एक खर्च आला तर क्रेडिट कार्ड निघेल, आणि तिथे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं.

आणि भिंतभर रॅक हवाच कशाला? तुमच्या यादीतलं निम्मं सामान हॉलमध्ये ठेवायचं नाहीच. पेट्या आणि बंद करून ठेवलेल्या कूलरचे सुटे भाग मागच्या बाल्कनीत, लोखंडी स्लॉटेड अँगलच्या रॅकवर बसतील. सहा-सात फुटी, पाच फळ्यांचा रॅक चार-पाच हजारांत येतो. फळ्या हव्या त्या उंचीवर सरकवता येतात आणि घर बदललं तर नटबोल्ट काढून सोबत नेता येतो. कूलरचा डबा मात्र जमिनीवरच राहू द्या.

हॉलमधली दोन युनिट्स मोडीत काढू नका. त्याच मालिकेचं जोड-युनिट मिळतं का विचारा. त्यात एकच उभी बाजू असते, दुसरी तुमच्या जुन्या युनिटचीच वापरली जाते, म्हणून ते स्वस्त पडतं. जाताना जुन्या रॅकची एक फळी सोबत न्या. भोकांमधलं अंतर आणि खोली जुळली तरच घ्या, 'सेम टू सेम आहे'वर विश्वास ठेवू नका. जुळत नसेल तर लकडगंजमध्ये प्लायच्या फळ्या त्याच मापाने कापून घ्या आणि रिकाम्या खणांत एकेक फळी वाढवा. तीन फूट पुस्तकं म्हणजे पंचवीस किलोच्या घरात वजन होतं. पार्टिकल बोर्डची लांब फळी त्याखाली पावसाळ्याअखेर झोळ देते. एका युनिटवर दुसरं नुसतं ठेवू नका, आपसांत बोल्टने जोडा आणि वरचं भिंतीला अँगलने पक्कं करा. घरात मुलं आहेत. बाहेरची भिंत ओल धरत असेल तर मागे दोन बोटं जागा सोडा.

सगळं मिळून पंचवीस-तीस हजारांत आटपेल. चार-पाच महिन्यांची बचत. आधी बाल्कनीतला रॅक, हॉलचं दिवाळीनंतर.

एक गोष्ट राहिली. तुमच्यावर २१ लाखांचं कर्ज आणि चार माणसं अवलंबून. ती परत करायची पॉलिसी तुमच्यामागे बहुधा पंधरा लाखांच्या आसपासच देणार होती. रद्द केल्याबरोबर एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठीपर्यंतचा घ्या, तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आगेमागे बसेल, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. आणि फॉर्मवर तंबाखूचा रकाना येईल, तिथे खर्रा खात असाल तर 'हो' लिहा, दिवसाला किती तेही. हप्ता वाढेल, पण क्लेम अडवायला कंपनीला ते कारण मिळणार नाही.