नागअळीची माशी ओळखताना किल्ली कुठे फसते?

प्रश्न : टोमॅटोची नागअळी (पान आतून पोखरणारी अळी) लागलेली पाने डब्यात ठेवली आणि निघालेल्या माश्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्या. किल्ली (एकेक लक्षण विचारत जातीच्या नावापर्यंत नेणारा तक्ता) विचारते, छातीची पाठ मंद राखाडी छटेची की चकचकीत काळी? एकाच पानातल्या काही माश्या लिरिओमायझा ट्रायफोलाय ठरतात, काही लिरिओमायझा सटायव्ही. कोणते खरे मानावे? (जुन्नर)

उत्तर : एका पानात दोन जाती असू शकतात, पण आधी संशय अल्कोहोलवर घ्या. ट्रायफोलायच्या पाठीची राखाडी छटा हा नुसता रंग नव्हे. पाठीवरच्या अतिसूक्ष्म लवेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून ती मंद दिसते. लव भिजली की हा परिणाम जातो आणि सगळ्याच माश्या चकचकीत दिसू लागतात. हे लक्षण कोरड्या माशीवरच तपासावे.

मात्र बाटलीतून काढून तशीच हवेत वाळवू नका. डोळे आणि कपाळ आत बसते, मग डोक्यावरचे काहीच वाचता येत नाही. माशी काही तास 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, मग काही तास इथिल ॲसिटेटमध्ये (एकदा बदलून), आणि नंतर टिपकागदावर वाळू द्या. बाटली काचेचीच हवी. पॉलिस्टायरीनचे डबे इथिल ॲसिटेटमध्ये विरघळतात. खिडकी उघडी ठेवा.

दुसरी शक्यता कोवळ्या माशीची. कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीचा रंग पक्का झालेला नसतो, काळे भाग तपकिरी दिसतात. दोन्हींत न बसणाऱ्या माश्या बहुधा अशाच असतात. पुढच्या वेळी मधपाण्यात भिजवलेला कापूस ठेवून त्यांना किमान 24 तास जगू द्या. 20 ते 30 अंश सेल्सिअसला कोष झाल्यापासून 7 ते 14 दिवसांत माशी निघते, त्यामुळे डबा रोज पाहावा लागतो. आत टिश्यू पेपर घाला, बाष्प साचले तर बुरशी येते. चार पंखांचे चिमुकले कीटक निघाले तर ते नागअळीवरचे परजीवी गांधील. तेही जपून ठेवा, शेतासाठी ती मोलाची नोंद आहे.

आता डोके अगदी वरून पाहा, 40 पट मोठे करून. डोळ्यामागे डोक्याच्या माथ्यावर प्रत्येक बाजूला दोन राठ केस असतात, आतला आणि बाहेरचा. ट्रायफोलायमध्ये दोघांची मुळे डोक्याच्या पिवळ्या भागावर असतात. सटायव्हीमध्ये बाहेरच्याचे काळ्यावर असते आणि काळा भाग जेमतेम आतल्यापर्यंत पोचतो. दोन्ही मुळे गडद भागावर असतील तर लिरिओमायझा ह्युडोब्रेन्सिसचा विचार करा. माशी थोडी कलली तरी ही सीमा सरकल्यासारखी दिसते, म्हणून दोन्ही बाजू पाहून मगच निर्णय घ्या.

प्रश्न : मुळात ही माशी ॲग्रोमायझिडी कुळातली आहे हे कशावरून ठरवायचे? पंखाच्या पुढच्या शिरेतला खंड मला कधी दिसतो, कधी नाही. (सांगली)

उत्तर : हा खंड म्हणजे तुटलेली जागा नव्हे. कॉस्टा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची शीर, तिथे फिकी आणि दुबळी होते, एवढेच. वरून उजेड टाकला तर तो हरवतो. पंख ग्लिसरिनच्या थेंबात पसरा आणि उजेड खालून द्या. सबकॉस्टा (कॉस्टाच्या लगेच मागची शीर) जिथे संपते तिथे एकच खंड, कपाळाच्या कडेचे खालचे राठ केस आत वळलेले, माथ्यामागची केसांची जोडी एकमेकींपासून दूर जाणारी : ही तिन्ही एकत्र मिळाली तर ॲग्रोमायझिडी. केळ्यावरच्या ड्रोसोफिलामध्ये खंड दोन असतात आणि मागची जोडी एकमेकींकडे झुकते.

पानातल्या प्रत्येक अळीतून माशीच निघेल असेही नाही. टोमॅटोवरची टुटा ॲब्सोल्यूटा, जी 2014 मध्ये पुण्याकडे आढळली, ती पतंग आहे. लिंबाची नागअळीही पतंगाचीच.

प्रश्न : केस गळलेले असतील तर?

उत्तर : त्यांची खोबण राहते. गोल, फिक्या कडेचा ठिपका शोधा. उजेड बाजूने, तिरपा द्या. एलईडीच्या कड्याने प्रत्येक दिव्याचा ठिपका अंगावर उमटतो आणि मंद पाठही चकाकते. माशीभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी केली की हे थांबते. ओली माशी हवी तशी टेकवायला वाटीत थोडे हँड सॅनिटायझर जेल घ्या, मात्र त्यातले बुडबुडे आधी जाऊ द्या.

प्रश्न : एवढे करून जात पक्की होते का? (गोवा)

उत्तर : नाही. या गटात सूक्ष्मदर्शकाखाली पक्के नाव नराच्या जननेंद्रियांवरूनच देता येते, नुसत्या मादीवरून 'लिरिओमायझा, जात अनिश्चित' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे. पोट वेगळे करून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये साध्या तापमानाला रात्रभर ठेवा. गरम पाण्यात नळी धरून 5 ते 10 मिनिटांत होते, पण विसरलात तर सगळे पारदर्शक होऊन शोधणेही अवघड होते. हातमोजे आणि चष्मा लागतोच. पाण्यात धुवा, ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब द्या, मग ग्लिसरिनमध्ये सुया वापरून फॅलसचे (नराच्या जननेंद्रियाचे) टोक मोकळे करा आणि बाजूने व खालून, दोन्हीकडून चित्राशी ताडून पाहा. ते टोक इतके लहान असते की साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकावर भागत नाही, 400 पटीचा संयुक्त सूक्ष्मदर्शक हवा. काम झाले की पोट ग्लिसरिनच्या सूक्ष्म नळीत घालून त्याच माशीच्या टाचणीला लावा. नळ्यांची अदलाबदल झाली तर पुढे कुणालाच ती सोडवता येत नाही.

आणि किल्ली कुठल्या प्रदेशासाठी लिहिली आहे ते आधी वाचा. अमेरिकेतल्या माश्यांची किल्ली इथल्या माशीलाही कुठले तरी नाव देऊन मोकळी होते.