दीर शिक्षा भोगून घरी आला आणि चॅनलवाले दारात आले

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. दीर लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या केसमध्ये सात वर्षं जेल भोगून परत आलाय, वडिलोपार्जित घर एकच त्यामुळे तो मागच्या खोलीत राहतो. मागच्या आठवड्यात एका लोकल न्यूज चॅनलच्या पोरांनी गेटवर येऊन शूटिंग केलं आणि फेसबुक-यूट्यूबवर 'नराधम गावात परतला' असा व्हिडिओ टाकला. त्यात घर, वाड्याचं नाव, दिराचा फोटो, 'सरकारच्या सेक्स ऑफेंडर लिस्टमध्ये याचं नाव आहे, आम्ही पाहिलंय' हे वाक्य, वर 'हा परत शिकार शोधतोय आणि घरचे त्याला लपवतायत' हेही. ताईंचा मुलगा शाळेतनं रडत आला. त्या विचारतात, वकीलबाई, आम्ही अब्रुनुकसानीचा दावा लावू का?

ताई, तुमचा मुलगा रडत आला हे वाचून मी थांबले थोडा वेळ. त्याने काहीच केलेलं नाही आणि तुम्हीही नाही. पण आधी कडू ते सांगते, कारण चुकीच्या केसमध्ये पैसे घालवायची तुमची परिस्थिती नाहीये. दिराला शिक्षा झाली ही खरी गोष्ट आहे, कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे, आणि 'दोषी ठरला, शिक्षा भोगून सुटला' एवढंच कोणी छापलं तर त्यावर अब्रुनुकसानी टिकणं फार अवघड. सुप्रीम कोर्टाने 1994 च्या ऑटो शंकर प्रकरणात म्हटलंय की पब्लिक रेकॉर्डवरचं छापायला परवानगी लागत नाही. पण त्याच निकालात कोर्टाने एक अपवाद ठेवलाय, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करायची नाही. माझ्या मते तुमची खरी केस तिथे आहे.

तुम्ही मेलमध्ये शेवटी सहज लिहिलंय की ती मुलगी शेजारच्याच घरातली, तेव्हा नऊ वर्षांची होती, आता सतराची आहे आणि बारावीला आहे. आता तो व्हिडिओ तिच्या बाजूने बघा. वाड्याचं नाव सांगितलं, तुमचं घर दाखवलं, 'बाजूच्याच घरातली चिमुरडी' म्हटलं, मग गावात कोणाला कळायचं राहिलं? खाली कॉमेंटमध्ये दोघातिघांनी तिच्या बाबांचं नावच लिहिलंय असं तुम्ही सांगता. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये कुठल्याही मीडियात मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, म्हणजे ज्यावरनं ओळख पटेल असं काहीही द्यायला मनाई आहे, शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि चॅनलचा मालकही जबाबदार धरला जातो. 2018 मध्ये निपुण सक्सेना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून घट्ट केलं. आपल्या म्हापशातल्या एका गाजलेल्या केसच्या निकालात पीडितेची ओळख कळेल असे उल्लेख राहिले होते तर 2021 मध्ये हायकोर्टाने तेसुद्धा काढायला लावले. जिथे कोर्टाच्या निकालाला सूट नाही तिथे माईक घेऊन फिरणाऱ्या पोरांना कुठनं असणार!

आता त्या 'लिस्ट'चं. अमेरिकेत 1996 पासून मेगन्स लॉ आहे, तिथे अशा गुन्हेगारांची यादी नेटवर कोणीही बघू शकतो, आणि आपल्याकडचे चॅनलवाले तेच डोक्यात ठेवून बोलतात. आपल्याकडे 20 सप्टेंबर 2018 ला लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला, एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्राची संस्था, तो सांभाळते, पण तो फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणांना तपासासाठी बघता येतो, पब्लिकला नाही, पत्रकारालाही नाही. मग 'आम्ही पाहिलंय' म्हणजे एकतर खोटं बोलले किंवा आतल्या कोणीतरी दाखवलं. तक्रारीत हा प्रश्न स्पष्ट लिहा, यांनी ती यादी कुठे आणि कोणाकडनं पाहिली.

करायचं काय ते सांगते. आजच व्हिडिओ कॉमेंटसकट स्क्रीन रेकॉर्ड करा, लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा, पण तो कुठल्याही ग्रुपवर 'बघा काय केलं' म्हणून पुढे पाठवू नका, कारण पाठवलात की त्या मुलीची ओळख तुम्हीच पुढे नेली असं होईल. मग पोलीस स्टेशनला कलम 23 ची लेखी तक्रार, पोच घेऊन. ही तक्रार कोणीही देऊ शकतो. ठाण्यावर 'हे नॉन-कॉग्निझेबल आहे', म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही, असं म्हणतील बहुतेक, आणि ते अगदीच हवेतलं नाही, कर्नाटकातल्या एका संपादकाच्या केसमध्ये 2022 साली सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं याच मुद्द्यावर एकमत झालं नाही. म्हणून वाद न घालता एक कॉपी उत्तर गोव्याच्या एसपींना द्या आणि तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू. फेसबुक आणि यूट्यूबच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही लिहा, आणि त्यात 'आमची बदनामी' याआधी 'अल्पवयीन पीडितेची ओळख उघड' हे लिहा, त्याकडे दुर्लक्ष करणं त्यांना जड जातं.

एक विनंती, मुलीच्या घरी जाऊ नका, समजूत काढायलाही नाही, आणि दिराला तर पाठवूच नका. बाल कल्याण समितीला लेखी कळवा, ते तिच्या घरच्यांशी बोलतील.

अब्रुनुकसानी अगदीच नाही असं नाही. 'परत शिकार शोधतोय' हा नवा आरोप आहे, त्याला पुरावा नसेल तर दीर स्वतः भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली जाऊ शकतो, आणि 'घरचे लपवतायत' हे तुमच्याबद्दल आहे, तर ती तक्रार तुमची. सुटून आलेला माणूस स्वतःच्या घरात राहतो यात लपवणं कसलं? दिवाणी दाव्याला व्हिडिओ आल्यापासून एक वर्ष मिळतं, फौजदारीला तीन. पण मी आधी मनाई हुकूम मागेन, घर आणि मुलगा दाखवू नये एवढ्यापुरता, भरपाईचं नंतर बघू. गेटवर परत कोणी जमलं किंवा धमकी आली तर 112 लावा, वाट बघत बसू नका.

फीची काळजी करू नका. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा. जाताना रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह, दिराचं सुटकेचं पत्र आणि पोलिसांची पोच बरोबर न्या. आणि मुलाच्या शाळेत हेडमास्तरांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, याच आठवड्यात.