डीव्हीडी ड्राइव्ह: काय जमतं, काय नाही

आधी ड्राइव्हच्या तोंडावरचं चिन्ह वाचा. नुसतं 'डीव्हीडी-रॉम' असेल तर तो फक्त वाचणार; लिहायला रायटरच लागतो. आणि ब्लू-रे त्यात घालून बघू नका. डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा; ब्लू-रेला ४०५चा लागतो. कुठलंही सॉफ्टवेअर टाकलंत तरी ते जमणार नाही.

डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज मात्र ४.३८च्या आसपास दाखवतं. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. त्याहून मोठं फोल्डर कोंबायचा खटाटोप नको, सरळ ८.५ जीबीची डबल लेयर (दोन थरांची) डिस्क घ्या.

ड्राइव्हचा वेग 'एक्स'मध्ये सांगतात; १६एक्स म्हणजे सेकंदाला साधारण २२ एमबी, पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो. वाचन आतून सुरू होतं, त्यामुळे सुरुवात संथ वाटली म्हणून ड्राइव्ह बिघडला असं समजू नका. महत्त्वाचं काही लिहायचं असेल तर मी ८एक्स निवडतो आणि शेवटी 'व्हेरिफाय' करतो, म्हणजे लिहिलेलं नीट उतरलंय का ते तपासतो. थोडा वेळ जास्त जातो, जाऊ दे.

नवखे हमखास अडकतात ते रीजन कोडमध्ये, म्हणजे सिनेमाची डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या आकड्यात. सिनेमाच्या डिस्कसाठी रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, मग शेवटचा कायमचा चिकटतो. विंडोज पुन्हा टाकून उपयोग नाही, ही मोजणी ड्राइव्हमध्येच साठते. तेव्हा रीजन बदलायचा का असा प्रश्न स्क्रीनवर आला की भराभर 'ओके' दाबत सुटू नका.

विंडोज १०वर सिनेमाच लागत नसेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर टाकून बघा. डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय विंडोज १०मध्ये मुळात दिलेलीच नाही.