कुंडीमागचा खुळखुळ

प्रश्न : मुलाकडे ॲरिझोनात, टूसॉनला आले आहे. परवा तिन्हीसांजेला कुंडीमागून कुकरची वाफ सुटावी तसा सुर्रर्र आवाज आला. पाहते तर रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळवणारा विषारी साप! तशीच मागे सरले. आता अंगणात जावंसं वाटत नाही.

उत्तर : ताई, मागे सरलात हे फार चांगलं केलंत. मी इथे अठरा वर्षं राहते. माझ्या गॅरेजच्या दाराशी पहिल्यांदा दिसला, तेव्हा शेपटीवरचे काळे-पांढरे पट्टे आणि टोकाच्या वाळक्या कड्या अगदी स्पष्ट दिसल्या. आपल्या नखांसारख्याच द्रव्याच्या त्या. दर कातीला एक नवी येते, जुन्या तुटत राहतात. पण तो दर वेळी वाजवेलच असं नाही, त्यामुळे आवाजावर विसंबू नका. उन्हाळ्यात तो रात्री फिरतो. टॉर्च आणि बंद बूट हवेतच. पाखरांना दाणे टाकता का? दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे हा. डोंगरवाटेवर न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नका. मारायला तर मुळीच जाऊ नका, तुटलेलं डोकंही चावतं. चावलाच तर लगेच ९११ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करा. बांगड्या-अंगठ्या आधी उतरवा, सूज झपाट्याने चढते. आवळून बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं, काही नको.