सहा वर्षांची मुलगी म्हणते चार हिरवा आणि आठ तपकिरी असतो. डॉक्टरांना दाखवावं का?

त्यासाठी डॉक्टरची गरज नाही. आणि कृपा करून तिला "असं काही नसतं" म्हणू नका. मला ते लहानपणी सांगितलं गेलं, आणि मग पुढची कित्येक वर्षं मी कुणाकडे हा विषयच काढला नाही.

माझाही चार हिरवा आहे, कैरीसारखा. पाच झेंडूचा पिवळा, सात जांभळा, एक पांढरा. कागदावरची शाई काळी आहे हे मला नीट दिसतं, पण आकड्यासोबत रंग आपोआप येतो. तो मी ठरवत नाही, बदलूही शकत नाही.

याला सिनेस्थेशिया म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी यावर १८८०च्या दशकातच लिहिलं होतं. मेंदूत आकड्याचा आकार ओळखणारा भाग आणि रंगाचा भाग अगदी शेजारी आहेत, त्यांच्यात जास्तीची जोडणी असावी, असं रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडलं. हे बऱ्याचदा घराण्यात असतं, तेव्हा सासरी-माहेरी विचारून बघा. रंग मात्र प्रत्येकाचे वेगळे.

माझे रंग आकाराला नाही, संख्येला चिकटलेत. बेस्टच्या पाटीवर मराठी पाच असो की इंग्रजी, पिवळाच. खरी ओढाताण होते ती मराठी बोलताना. ५७ लिहिलेलं बघितलं की आधी पिवळा, मग जांभळा. पण कुणी "सत्तावन्न" म्हटलं की कानात सात आधी येतो, म्हणजे जांभळा पुढे. हिशेब सांगून लिहून घेताना मी अजूनही क्षणभर थांबते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ५७ साठी "पन्नास सात" असं वाचन आलं, वाद झाला. मला ते सोपं जातं, तरी सत्तावन्न हा शब्द मला हवाच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर फलाट आठ नंबर झाला. माझा आठ वांग्याच्या रंगाचा. जिन्यावर पाटी वाचते, आणि खाली उतरेपर्यंत फलाट पुन्हा पांढरा झालेला असतो.

तुम्ही एवढंच करा: शून्य ते नऊचे रंग तिच्याकडून लिहून घ्या, वही ठेवून द्या, सहा महिन्यांनी न सांगता पुन्हा विचारा. सिनेस्थेशिया असेल तर बहुतेक रंग तेच येतील. आणि मराठी चार नि इंग्रजी चार एकाच हिरव्या रंगाचे आहेत का, हे तिला माझ्यातर्फे विचारा. मला खरंच जाणून घ्यायचंय.