शोषखड्डा खणण्याआधी जमिनीला पाणी पाजून बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. बार्शी तालुक्यात रानातच घर बांधतोय. गटार नाही, म्हणून सेप्टिक टँक आणि त्यापुढे शोषखड्डा करायचं ठरलंय. गवंड्याने वैशाखात हातभर खड्डा घेऊन दोन बादल्या पाणी ओतलं, ते बघता बघता जिरलं. तो म्हणतो, तीन फुटी खड्डा पुरे. पण शेजारच्या वस्तीवरचा शोषखड्डा दर पावसाळ्यात तुंबतो. मग आमची चाचणी धरायची की नाही?

उत्तर : दादा, ती चाचणी धरू नका. पाणी गेलं ते मातीत नव्हे, भेगांत गेलं. वैशाखातल्या काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा असतात. त्यात दोन बादल्या काय, टँकरही रिता होईल. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि रान पाणी धरून बसतं. शेजारच्यांचा खड्डा तुंबतो तो याच कारणाने. तुमच्या घरातलं पाणी मात्र श्रावणातही रोज येणारच आहे, तेव्हा जमीन तपासायची ती श्रावणातली.

माती ओली होणं लवकर होतं, कणांमधल्या पोकळ्या भरल्या की झालं. फुगायला मात्र वेळ लागतो, कारण पाणी चिकणमातीच्या कणाच्या आतल्या थरांत शिरावं लागतं. काळ्या मातीत असा फुगणारा चिकण भाग भरपूर असतो. म्हणून आय. एस. 2470 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आधी खड्डा मुरवायला आणि पाणी ओतल्यापासून 24 तासांनी मोजायला सांगितलंय. हा एक दिवस वाचवू नका, अख्खी चाचणी त्यावर उभी आहे.

करायचं असं. शोषचर, म्हणजे शोषखड्ड्याऐवजी पाणी जिरवायला घेतलेला लांबट चर, जेवढा खोल असेल तेवढ्याच खोलीला वीतभर रुंदीचा, सरळ कडांचा खड्डा घ्या. पहारीने आणि खोऱ्याने खणताना ओलसर काळ्या मातीच्या कडा चोपल्या जातात आणि लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. तिथून पाणी जातच नाही. खिळ्याने किंवा खुरप्याच्या टोकाने कडा आणि तळ खरवडा, सुटलेली माती काढा, तळाला दोन इंच जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा. मग वाळूच्या वर फूटभर पाणी भरा आणि निदान चार तास, शक्यतो रात्रभर, खाली जाईल तसं भरत राहा. उन्हाळ्यात करणार असाल तर माझ्या मते एका रात्रीने भागणार नाही. भेगा मिटेपर्यंत आणखी दोन-तीन दिवस पाणी द्या. त्यापेक्षा भाद्रपदात, रान मुरलेलं असताना करा.

दुसऱ्या दिवशी तोंडावर एक रीप आडवी टाका, ती हलू देऊ नका. सगळी मापं तिच्यापासून. सकाळी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल तर पातळी वाळूच्या वर 15 सेंटिमीटरवर आणा आणि अर्ध्या तासात किती उतरते ते मोजा. पाणी आटलेलं असेल तर 15 सेंटिमीटर भरून दर अर्ध्या तासाला मोजा, लागेल तसं पुन्हा भरा, असं चार तास. हिशेबात फक्त शेवटचा अर्धा तास धरायचा. सुरुवातीचे आकडे नेहमी खूश करणारे असतात.

25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली, हा तुमच्या जमिनीचा दर. शेवटच्या अर्ध्या तासात 30 मिलिमीटर उतरलं तर दर 25 मिनिटं. 204 ला या दराच्या वर्गमुळाने भागा. इथे वर्गमूळ 5, म्हणजे एक चौरस मीटर जमीन दिवसाला साधारण 41 लिटर पाणी घेईल. पाच माणसांचं मिळून 450 लिटर धरलं, तर चराच्या तळाचं क्षेत्र 11 चौरस मीटर हवं. पाऊण मीटर रुंदीचा चर पंधरा मीटर लांब होतो. गवंड्याचा तीन फुटी खड्डा याच्या शेजारी मांडून बघा.

दर 30 मिनिटांच्या वर गेला तर शोषखड्ड्याचा विचार सोडा. 60 च्या वर गेला तर चरही नको. निव्वळ काळ्या रानात अर्ध्या तासात 10 मिलिमीटर उतरलं की दर 75 होतो, आणि हे सर्रास दिसतं. काळी मातीच हाती असेल तर टाकीपुढे खडीचा, खालून वर पाणी चढणारा फिल्टर घ्या आणि ते पाणी तळाला जाड प्लॅस्टिक टाकलेल्या खडीच्या वाफ्यात सोडा, वर कर्दळ लावा. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढून केळींना द्या, म्हणजे टाकीवरचा भार पुष्कळ उतरतो.

काळीच्या खाली चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर त्या खोलीलाही एक खड्डा घेऊन मोजा. मुरूम पाणी पितो, पण त्याखालच्या खडकाच्या चिरांतून ते विहिरीकडेही पळतं. तेव्हा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर लांब राहा.

प्रश्न : आमचं घर संगमेश्वरजवळ. जांभ्यात खड्डा खणला तर पाणी पाच मिनिटांत गायब होतं. आमची काळजी मिटली ना? विहीर चाळीस फुटांवर, उताराच्या खालच्या अंगाला आहे.

उत्तर : नाही, तुमची काळजी मला जास्त वाटते. चाळीस फूट म्हणजे 12 मीटर, आणि वर उतार विहिरीकडेच. जांभ्यातल्या भोकांतून आणि चिरांतून पाणी गाळलं न जाता थेट पुढे जातं. जंतू अडवते ती माती, आणि तिला त्यासाठी सवड लागते. शोषखड्डा जांभ्यात खोल नेऊ नका. विहिरीच्या खालच्या अंगाला, जिथे मातीचा थर जाड आहे तिथे उथळ चर घ्या. मोजमाप तिथल्याच मातीत करा. ती रेताड असेल आणि 15 सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर दर दहा मिनिटांनी तासभर मोजून शेवटची दहा मिनिटं धरा.

आणि येत्या श्रावणात विहिरीत डोकावून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. सहा फुटांच्या आत असेल तर खणूच नका; मातीचा भराव घालून चर जमिनीच्या वर उचलावा लागेल.