भावाला अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर (नाकारलं जाण्याच्या भीतीने माणसं टाळण्याचा व्यक्तिमत्त्व विकार) आहे. उपचारांनी तो माणसांत मिसळू लागेल का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने समुपदेशन चालू आहे, भावाची झोप सुधारली, रडणं थांबलं, पण पाहुणे आले की तो अजून खोलीचं दार लावून घेतो. मग उपयोग काय झाला?

मला हेच निदान सात वर्षांपूर्वी झालं. माझ्या अनुभवावरून सांगतो, उपयोग होतो. आधी मनावरचं ओझं हलकं होतं. माणसांत वावरणं मागाहून येतं, आणि बरंच मागाहून. अमेरिकेत असे व्यक्तिमत्त्व विकार असलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पुष्कळांची लक्षणं कमी झाली, पण नोकरी, मैत्री, नाती त्या वेगाने सुधारली नाहीत. तेव्हा भावाचं जे चाललंय ते उपचार फसल्याचं लक्षण नाही.

त्याला माणसं नकोत असं मात्र समजू नका. आपण कमी आहोत आणि जवळ आलेल्याला ते कळणारच, या खात्रीने तो दार लावतो. मला तर दाराआडून पाहुण्यांचं हसणं ऐकताना फार एकटं वाटायचं.

गोव्यात आमच्या वाड्यावर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुलं घुमट, शामेळ ही वाद्यं घेऊन घरोघरी आरतीला फिरतात. ती आमच्याकडे आली की मी मागच्या दारी विहिरीकडे जायचो. समुपदेशक बाईंनी एक वही करायला लावली: जाण्याआधी काय होईल ते लिहायचं, आल्यावर काय झालं ते. मी लिहिलं, 'आवाज बेसूर लागेल, सगळे वळून बघतील.' त्या संध्याकाळी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळं-पानांच्या सजावटीखाली) एका आरतीपुरता उभा राहिलो. कुणी वळलं नाही. शेजारच्या काकांनी न बोलता झांज माझ्या हातात दिली. भीती त्या दिवशी तसूभरही कमी झाली नाही, पण वहीत एक ओळ आली जी मला खोडता येईना. अशा ओळी साठायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून सहा महिने थोडे आहेत. स्कीमा थेरपी म्हणजे लहानपणापासून मनात रुजलेल्या समजुतींवर काम करणारे उपचार. नेदरलँड्समध्ये हा आणि इतर व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या ३०० हून अधिक रुग्णांवर झालेला तिचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी ४० भेटी होत्या आणि दुसऱ्या वर्षी १०. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यात अधिक जण बरे झाले, लोकांतलं वावरणंही अधिक सुधारलं. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या सीबीटीचाही या विकारात फायदा दिसला आहे. खास या विकारावरचं औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर त्यासाठी गोळ्या देतात, त्या मनाने बंद करू देऊ नका.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. हा विकार समुपदेशकासमोरही आडवा येतो. दिलेलं काम झालं नाही या शरमेने मी एकदा दोन महिने गेलोच नव्हतो, घरी मात्र 'छान चाललंय' सांगत होतो. भाऊ भेटी चुकवू लागला तर रागावू नका, 'मी गाडीत बसतो, तू जाऊन ये' म्हणा.

पाहुण्यांना 'त्याला बरं नाही' असं सांगणं बंद करा, पण त्यांच्यादेखत त्याला हाकही मारू नका. माझी वहिनी आदल्या दिवशीच विचारायची, 'उद्या चहा तू नेशील की मी?' मी 'तू' म्हटलं तरी तिने तोंड पाडलं नाही, म्हणून कधीतरी 'मी' म्हणता आलं.

पुढच्या भेटीत बाहेरच्या सरावाचं काय ठरलंय ते भावाला सोबत घेऊन विचारा. दुसरं मत हवं असेल तर गोव्यात बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात ओपीडी आहे. आणि तो जगणं नकोसं झाल्याचं बोलला तर भेटीची वाट बघू नका, १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला लगेच फोन करा.